डावा कोपरा

४ जानेवारी

ताई,

वाकून नमस्कार. त्यावर तू पाठीत घातलेला धपाटाही पोचला असं समज.

फोन का नाही केला म्हणून रागावू नकोस. वसतिगृहात होते तेव्हापासून मोठी बातमी तुला पत्रानेच कळवायची सवय आहे, आणि फोनवर तू "बरं, बरं" म्हणत गॅसकडे बघत असतेस.

बातमी अशी. काल मोठ्या साहेबांनी मुख्य कचेरीत सगळ्यांना एकत्र उभं करून या वर्षाचं उद्दिष्ट जाहीर केलं. बाळांच्या काचपेट्या दुप्पट करायच्या, आणि त्यातली एकही दवाखान्यातून परत येता कामा नये. एकही! सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. खरं सांगते, सगळ्यांच्या आधी टाळ्या मीच वाजवल्या. दिवस भरायच्या आधी आलेली दुप्पट बाळं उबेत झोपतील. यात नको म्हणण्यासारखं काय आहे?

आणि माझं घड्याळ मंजूर झालं. तुमच्या प्रत्येक टेबलावर ती दोरी लोंबते ना, पेटीत दोष दिसला की ओढायची आणि काम थांबवायचं, ती. दोरी ओढल्यावर मदत यायला किती वेळ लागतो हे कुणी मोजतच नव्हतं. आता भिंतीवर मोठं घड्याळ येईल. दोरी ओढली की टेबलाचा नंबर दिसेल आणि मिनिटं सुरू होतील. म्हणजे साहेब लोक पळत येतील. हे मला कशावरून सुचलं? तूच एकदा म्हणाली होतीस, "दोरी ओढून अर्धा तास उभी होते, कुत्रं फिरकलं नाही."

तेव्हा ते घड्याळ तुझंच आहे.

भाऊजींचा गुडघा कसा आहे?

तुझी,
पिटू


१९ जानेवारी

पिटू,

तुझं घड्याळ पोचलं. दाराएवढं आहे गं! लाल आकडे, जेवणाच्या खोलीतूनसुद्धा दिसतात. लावायला दोन माणसं शिडी घेऊन आली होती, आणि वाकडं लागलंय असं मी तीनदा सांगितल्यावर मला म्हणाली, "बाई, तुम्हीच चढा." चढलेही असते.

कचेरीतली तू माझी बहीण आहेस हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर अर्धे मला घाबरतील आणि अर्धे वशिला लावायला येतील. दोन्ही नकोत.

दुप्पट म्हणजे आमच्या रांगेला रोजच्या चार पेट्यांच्या आठ. करू. पण मनगट घातल्याशिवाय मी पेटी पुढे सोडणार नाही, मीटर काय म्हणायचं ते म्हणू दे. तू सातव्या महिन्यात आलीस तेव्हा कुठली पेटी नि कुठलं काय. आईने तुला कापसात गुंडाळून टोपलीत ठेवलं, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या, आणि मला, नऊ वर्षांच्या पोरीला, राखणीला बसवलं. "मनगटाला सोसली तरच बाटली बाळाला लाव," म्हणाली. तळहाताचं काही खरं नाही, तो कामाने जाड होतो. मनगट तसंच राहतं.

शेजारच्या सहा नंबरच्या टेबलावरची माझी मैत्रीण आठवते? काम करताना सारखी गुणगुणते म्हणून सगळे तिला गुणगुणीच म्हणतात. काल तिने दोरी ओढली, झाकणाचा एक स्क्रू नुसताच फिरत होता. अकरा मिनिटं. घड्याळ चालतं छान.

ह्यांचा गुडघा आहे तसाच आहे. ते विचारतात, पिटूला खिडकीजवळची जागा मिळाली का?

जेवत जा वेळेवर.

ताई


२ मार्च

ताई,

खिडकी मिळाली! खाली एक झाड आणि सायकलींचा मांडव दिसतो.

पण त्याहून मोठी गोष्ट. तुमच्या रांगेत गेले पाच आठवडे एकदाही दोरी ओढली गेलेली नाही. सगळ्या कारखान्यांत तुम्ही पहिल्या! इथल्या भिंतीवर तुमच्या कामाच्या जागेचा फोटो लावलाय. त्यात तुझा चेहरा नाही, पण एक कोपर आणि वेणीचं टोक आहे, आणि ते कुणाचं हे मला सांगावं लागत नाही. येता-जाता त्या कोपराला मी मनातल्या मनात हात लावते.

साहेबांनी बैठकीत विचारलं, "या रांगेचं गुपित काय?" मी मोठ्या मुश्किलीने तोंड मिटून बसले. मला तरी सांग ना. काय केलंत तुम्ही?

पिटू


२० मार्च

पिटू,

उत्तराला उशीर झाला. काम फार आहे.

गुपित काही नाही. दोरीवर धूळ बसलीये, पूर्वी कधी बसायची नाही. कोपराचा फोटो काढून ठेवलास तर बरं, तेवढाच अवयव धड राहिलाय.

गुणगुणी बरी आहे. गुणगुणत नाही, पण बरी आहे.

एक विचारायचं होतं. तयार पेटी आम्ही पूर्वी बारा तास चालू ठेवून तपासायचो. फेब्रुवारीपासून चारच तास झाले. ते कुणी ठरवलं? सहज विचारते.

ताई


२८ मार्च

ताई,

ते आमच्या विभागानेच सुचवलं. सोपा हिशोब होता. दोरी ओढलीच जात नाही, म्हणजे दोष राहिलेले नाहीत. मग बारा तास कशाला? त्या वेळात तिप्पट पेट्या तपासून होतात. माझ्या तक्त्यावरची रेघ बघशील तर तुलाही पटेल, पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ आहे.

पण तुझं पत्र असं का? तू कधी एका पानात आटोपत नाहीस. भाऊजींशी भांडलीस का? दोघांनी चार दिवस इकडे या. माझ्या खोलीत एकच खाट आहे, पण तू मला कुशीत घेऊन झोपायचीसच की.

पिटू


११ एप्रिल

पिटू,

ह्यांच्याशी भांडले नाही. भांडले असते तर चार पानं झाली असती.

तू गुपित विचारलं होतंस. सांगते.

गुणगुणीने दोरी ओढली त्या दिवशी घड्याळ सुरू झालं, आणि कुणीही पळत आलं नाही. फक्त सगळ्या कारखान्याने मान वळवून सहा नंबरच्या टेबलाकडे बघितलं. मग तिला व्यवस्थापकांनी त्यांच्या काचेच्या खोलीत बोलावलं. ती खोली पार दुसऱ्या टोकाला आहे, सगळ्या टेबलांमधून जावं लागतं. कसं चालावं तेच तिला कळेना, हात कुठे ठेवावेत ते कळेना. आत तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं की एका स्क्रूसाठी तिने अकरा मिनिटं काम थांबवलं. घड्याळावर "सहा – अकरा" हे संध्याकाळपर्यंत तसंच होतं. दुसऱ्या दिवसापासून तिचं गुणगुणणं बंद झालं. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी आपापल्या दोऱ्या वर गुंडाळून गाठी मारल्या, चुकून हात लागायला नको म्हणून. मीसुद्धा. स्टुलावर चढून. तुझी सरळ रेघ ती ही.

तुला इथे घड्याळवाली म्हणतात. कोण, कुठली, काही माहीत नाही कुणाला. जेवताना कुणीतरी म्हणतंच, "त्या घड्याळवालीला आणून बसवा सहा नंबरवर." मग मी डब्यात बघत बसते. हे तुला लिहिणार नव्हते.

आता खरं काम. गेल्या मंगळवारी पाठवणीची चिठ्ठी सापडेना म्हणून एक पेटी दिवसभर माझ्या टेबलाच्या कडेला चालूच राहिली. निघताना बंद करायला गेले आणि सवयीने मनगट आत घातलं. उजवीकडे ठीक. डावीकडे नेलं आणि झटक्यात मागे घेतलं. मीटर छत्तीस दाखवत होता. घरून पाऱ्याचा थर्मामीटर आणून दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात ठेवला, तर एकोणचाळीस. मग आणखी तीन पेट्या अशाच दिवसभर चालवून बघितल्या. तिन्हींत तेच. पंख्याखाली हल्ली येतो तो नवा रबरी वॉशर सहा-सात तास तापला की दबतो, पंखा कलतो, आणि ऊब सगळीकडे फिरायची ती डाव्या कोपऱ्यात साठते. मीटर मोजतो उजवीकडचं. त्याला ते कधीच कळत नाही, आणि चार तासांत माझ्या मनगटालाही नाही.

व्यवस्थापकांना जाऊन सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "बाई, चार तासांच्या तपासणीत दोष दिसतो का?"

"नाही."

"मग माझ्या कागदावर दोष नाही. तुमची एवढी खात्री असेल तर दोरी आहे ना."

आणि हे म्हणताना त्यांनी काचेतून वर बघितलं. गाठी त्यांनाही दिसतात, पिटू.

अशा तीनशेवर पेट्या बाहेर गेल्यात. त्यात बाळं आहेत. मी काय करू ते सांग. तू तिथे आहेस.

ताई


१५ एप्रिल

ताई,

तुझं पत्र घडी करून ठेवलं आणि चारदा परत उघडलं.

घड्याळवाली. त्याबद्दल आता काही लिहिता येत नाही मला.

दोरी ओढू नकोस. अजून तीन आठवडे तरी नको. तुझ्यापासून मी एक गोष्ट लपवली होती. इथे एक यादी आहे. ज्या रांगेत काम जास्त वेळा थांबेल ती बंद करून तिचं काम दुसऱ्या कारखान्यात न्यायचं. तुमची रांग त्या यादीतून नुकतीच निघाली, त्या पाच आठवड्यांमुळे. तुझी दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. गुणगुणीची तर नऊ.

आठ मे रोजी साहेबांची मोठी बैठक आहे, बाहेरचे पाहुणे येणार आहेत. ती होऊ दे. तोवर मी आतून बोलून बघते. तुला वाटत असेल, ही तिथे आहे तर उठून सांगत का नाही. ताई, इथे बैठकीत "हे जमणार नाही" म्हणणारं माणूस पुढच्या बैठकीला नसतं. त्याला कुणी रागावत नाही की काढत नाही. फक्त त्याची खुर्ची दिसत नाही. हे तुला आजवर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर मलाही ते वाचावं लागलं असतं.

आणि दवाखान्यांतून एकही तक्रार आलेली नाही. मी मुद्दाम जाऊन बघितलं. एकही नाही. कदाचित तू समजतेस तितकं वाईट नसेल.

थांब. माझ्यासाठी थांब.

पिटू


२ मे

पिटू,

थांबले. तुझं पत्र आल्यापासून कामाचे नऊ दिवस थांबले. रोज आठ म्हणजे बहात्तर पेट्या. प्रत्येकीवर सही केली. आधीच्या तीनशेंच्या वेळी मला माहीत नव्हतं. या बहात्तर मी माहीत असून सोडल्या. तुझ्यावर ढकलत नाही. तू थांब म्हणालीस, पण सही माझी आहे.

दहाव्या दिवशी एक पेटी गाडीत चढवताना तिचा काचेचा दरवाजा उघडला आणि आतली ती छोटी गादी दिसली. रोज बघते मी ती. त्या दिवशी वाटलं, ही टोपली आहे आणि मी बाटलीला हात न लावताच उठून खेळायला गेले.

स्टूल घेतलं. गाठ निघेना, किती घट्ट मारली होती मी! गुणगुणी खालून म्हणाली, "काय करतेस? उतर आधी." मी म्हटलं, "कात्री दे." तिने दिली नाही. मग दातांनी सोडवली.

ओढली. घड्याळावर सात नंबर आला. माना वळल्या. मी काचेच्या खोलीकडे गेले नाही. स्टुलावरच बसून राहिले, मनगट पेटीत घालून. बारा मिनिटांनी व्यवस्थापक स्वतः चालत आले. म्हटलं, "हात घाला आत." घालेनात. म्हटलं, "साहेब, ही सकाळपासून चालू आहे. एवढा एकदा हात घाला, मग मला काय लिहून घ्यायचं ते घ्या."

घातला. डाव्या कोपऱ्यात गेल्यावर त्यांचा चेहरा बदललेला मी बघितला. तरी म्हणाले, "हे वर कळवावं लागेल," आणि गेले. घड्याळ सेहेचाळीस मिनिटांवर थांबवलं.

दुसऱ्या दिवशी माझी बदली गोदामात झाली. पेट्यांचं काम पुन्हा सुरू आहे. मनगट घालायला कुणी नाही तिथे.

वर कळवलं का, ते तूच सांगू शकशील. मला यापुढे तुझ्याकडून काही नको. एवढंच सांग, कळवलं का?

ताई


१२ मे

ताई,

नाही. कळवलं नव्हतं. व्यवस्थापकांच्या अहवालात होतं, "टेबल सात, सेहेचाळीस मिनिटं, कर्मचाऱ्याचा गैरसमज."

आठ तारखेला बैठकीत सरळ रेघेचा तक्ता मीच दाखवायचा होता. तो लावला, आणि म्हटलं की ही रेघ कशी तयार झाली ते वाचून दाखवते. मग तुझी दोन पत्रं वाचली, अकरा एप्रिलचं आणि दोन मेचं. तुझं नाव घेतलं नाही. "माझी थोरली बहीण" एवढंच म्हटलं. "घड्याळवाली" या शब्दापाशी थांबून सांगितलं, ती मी.

कुणीतरी मध्ये म्हणालं, "ही वेळ नाही." साहेबांनी हाताने त्याला गप्प केलं. शेवटी त्यांनी विचारलं, "हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?" आणि ताई, ते खरंच विचारत होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. खोलीत अठरा माणसं होती. सगळी आपल्यापुढच्या कागदांकडे बघत होती. मग साहेब हळूच खाली बसले. उत्तर मिळालं असावं त्यांना.

त्याच संध्याकाळी काम थांबवलं. सगळ्या पेट्या परत बोलवायच्या ठरल्या, चारशे वीस. "एकही परत नाही" असा फलक दारात होता तो दुसऱ्या दिवशी कुणीतरी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. तुझी बदली रद्द झाल्याचं पत्र निघालंय. परत येणाऱ्या पेट्या तूच तपासाव्यास असं त्यात आहे.

मला कुणी काही बोललेलं नाही. फक्त पुढच्या बैठकीच्या यादीत माझं नाव नाही. खिडकी आहे अजून. किती दिवस, बघू.

ते नऊ दिवस तुझे नाहीत. तू ते स्वतःच्या नावावर लिहून घेतेस, लहानपणी माझ्या हातून फुटलेल्या कपबशा घ्यायचीस तसे. या वेळी नको. ते माझे आहेत.

पिटू


८ जून

पिटू,

सात नंबरवर परत बसले. घड्याळ आहे भिंतीवर, पण त्याची वीज काढलीये. काळं, रिकामं दिसतं. दोऱ्यांच्या गाठी एकेकीने सोडवल्या. कुणी हुकूम काढला नाही. कात्री गुणगुणीच्या टेबलावरूनच फिरली.

तिला मी सांगितलं, घड्याळवाली माझी बहीण. बराच वेळ हातातला स्क्रू फिरवत राहिली. मग म्हणाली, "टोपलीतली?"

"हो."

"मग ये म्हणावं तिला. सहा नंबरवर बसवते."

तू नि मी हसलो असतो तसं आम्ही हसलो, म्हणजे तोंड दाबून. ती अजून गुणगुणत नाही. मी वाट बघते आहे.

पेट्या परत यायला लागल्या. पहिली उघडली, तर आत गादीच्या कडेला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावलेली. त्यावर पेनने बाण काढलेला, उजवीकडे, आणि लिहिलेलं, "बाळ इकडेच झोपवा." अक्षर घाईचं. कुणी नर्स असेल. दुसऱ्या एका पेटीत डाव्या कोपऱ्यात फुलीच मारलेली. आणखी एकीत घडी घातलेला टॉवेल कोंबलेला, बाळ तिकडे सरकू नये म्हणून. त्यांना कळलं होतं गं. तक्रार का नाही केली म्हणून मी पेटी आणणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "करत होत्या की. पण तक्रारीचा कागद घेतला तर पेटी 'परत' म्हणून माझ्या नावावर लागायची. मी म्हणायचो, सिस्टर, सध्या चालवून घ्या." चांगला माणूस आहे. सांगताना डोळे वर करत नव्हता.

तू मुद्दाम जाऊन बघितलं होतंस ना, एकही तक्रार नाही म्हणून. तक्रारी इथे होत्या, पेट्यांच्या आत.

आजवर दोनशे अकरा पेट्या आल्या. त्यातल्या एकवीस पेट्यांत अशी काही ना काही खूण आहे. त्या मी भराभर उघडते. तिथे कुणीतरी बाळाला उजवीकडे सरकवलं होतं.

बाकीच्या कोऱ्या आहेत. स्वच्छ पुसलेल्या, काहीही न लिहिलेल्या. तिथेही कुणाच्या लक्षात आलं असेल आणि पट्टी पुसून निघाली असेल. किंवा पेटी तशी फार वेळ चाललीच नसेल. मी स्वतःला हे सांगते. दवाखान्यांना आपण विचारलंय, अजून उत्तरं यायची आहेत.

कोरी पेटी आली की मी तिची वायर लावायच्या आधीच मनगट आत घालते, डाव्या कोपऱ्यात. पेटी बंद असते, थंड असते, त्यातून कळण्यासारखं काही नसतं. तरी ठेवते तसंच, बराच वेळ. कुणी मला उठ म्हणत नाही.

तू ये. एकच खाट इथेही आहे.

ताई